रिक्वायरमेंटसाठी आकृत्या: कोणत्या काढायच्या, किती काढायच्या आणि नंतर त्यांचं काय करायचं?

पाटीपेन्सिल:

शेदीडशे पानांचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट (सॉफ्टवेअरने काय काय करायला हवं ते लिहिलेलं) कुणी पूर्ण वाचत नाही. साइन-ऑफ, म्हणजे क्लायंटची मंजुरी, मिळतो तो पहिली दहा पानं आणि अनुक्रमणिका पाहून. खरी भांडणं टेस्टिंगमध्ये होतात. मग आपण "व्हिज्युअल मॉडेल वापरा" म्हणतो आणि डॉक्युमेंटला वीस फ्लोचार्ट चिकटवतो. तेही कुणी वाचत नाही.

माझं म्हणणं असं की आकृती ही समजावून सांगण्यासाठी नंतर काढायची गोष्ट नाही, प्रश्न शोधण्यासाठी आधी काढायची गोष्ट आहे. उदाहरणार्थ हे वाक्य घ्या: "वापरकर्त्याला ऑर्डर रद्द करता आली पाहिजे." व्याकरणाने पूर्ण, वाचायला सोपं, कुणाचा आक्षेप नाही. कधीपर्यंत रद्द करता येईल, पैसे भरले असतील तर काय, अर्धा माल निघाला असेल तर काय, हे त्यात नाही आणि नाही हे कळतही नाही. तेच तक्त्यात मांडलं की रिकामं घर डोळ्यांत खुपतं. ज्या आकृतीतून एकही नवा प्रश्न निघाला नाही ती फाईलमध्ये ठेवायची गरज नाही.

मी साधारण या क्रमाने जाण्याच्या मताचा आहे: आधी उद्दिष्टांची साखळी, मग कॉन्टेक्स्ट डायग्राम, मग स्विमलेनवाला प्रोसेस फ्लो (कामं क्रमाने, प्रत्येक भूमिकेची वेगळ्या पट्ट्यात म्हणजे लेनमध्ये). त्यातून नामं उचलून डेटा मॉडेल (कोणत्या वस्तूंची माहिती ठेवायची आणि त्यांची आपसातली नाती). महत्त्वाच्या एक-दोन नामांचा स्टेट, म्हणजे अवस्थांचा तक्ता. जिथे "परिस्थितीनुसार" हा शब्द येतो तिथे डिसिजन टेबल (अटी आणि त्यांवरून होणारे निर्णय यांचा तक्ता). स्क्रीनचे आराखडे सगळ्यांत शेवटी, कारण स्क्रीन एकदा दाखवली की चर्चा बटणाच्या रंगावर जाते आणि परत येत नाही.

उद्दिष्टांच्या साखळीबद्दल फार लिहीत नाही. वर "परताव्याच्या तक्रारी कमी करणे" असं मोजता येण्यासारखं उद्दिष्ट, खाली ते कशाने साधेल, त्याखाली फीचर. पुढे कुणी नवीन मागणी आणली की ती या झाडाला कुठे लटकते ते विचारायचं. कुठेच लटकत नसेल तर एकतर मागणी फालतू आहे किंवा झाड अपुरं आहे. दोन्ही कळलेलं बरं.

बाकीच्यांवर जाणकारांनी लिहावं. उदाहरण सगळ्यांनी ऑर्डर, रद्द, परतावा हेच धरलं तर धागा वाचायला सोपा जाईल.

चौकटराजा:

कॉन्टेक्स्ट डायग्रामबद्दल लिहितो. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित आकृती. मधे एक गोल, म्हणजे आपली सिस्टिम. भोवती बाहेरचे सगळे: ग्राहक, गोदाम, पेमेंट गेटवे, कुरिअरची सिस्टिम, हिशेब खातं. मधे बाण. बस्स. १९७० च्या दशकात डेटा फ्लो डायग्राम आले तेव्हापासून हे असंच आहे आणि बदलायची गरज पडलेली नाही.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे बाणावर "माहिती" किंवा "डेटा" लिहिणं. बाणावर नाम हवं: "पेमेंट निष्पत्ती", "उचल विनंती", "परत मालाची पोच". दुसरी, आपलाच डेटाबेस बाहेर काढून दाखवणं. तो गोलाच्या आत आहे, इथे त्याचं काम नाही. तिसरी जरा लपलेली असते: वेळ हाही बाहेरचा घटक आहे हे विसरणं. रात्री बारा वाजता पेमेंट न झालेल्या ऑर्डर मोडीत काढायच्या असतील तर ते काम कुणी माणूस सुरू करत नाही. घड्याळाचा एक चौकोन काढा, रोजची, आठवड्याची, महिनाअखेरची सगळी कामं त्याच्याशी जोडली जातील. एरवी ही कामं शेवटच्या आठवड्यात आठवतात.

प्रत्येक बाण म्हणजे एक इंटरफेस, आणि प्रत्येकासाठी पाच गोष्टी विचारायच्या. संवाद सुरू कोण करतं, कोणत्या स्वरूपात, किती वेळा, एका वेळी किती, आणि पलीकडचा बंद असेल तर आपण काय करायचं. दहा बाण असतील तर पन्नास उत्तरं. पाचव्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या बैठकीत मिळत नाही हे गृहीत धरा. ज्याच्याकडून मिळणार त्याचं नाव मात्र तिथेच लिहून घ्या.

उलटी तपासणीही करा. ज्या घटकाकडे बाण फक्त जातो आणि परत काहीच येत नाही, तिथे थांबा. हिशेब खात्याला परताव्याची यादी पाठवली, पण त्यांनी ती नाकारली तर आपल्याला कसं कळणार? तिथे बहुतेक वेळा एक बाण राहून गेलेला असतो.

स्टेटमास्तर:

आता माझा विषय. प्रोसेस फ्लो सगळ्यांना आवडतो कारण तो गोष्टीसारखा वाचता येतो. पण गोष्ट सांगणारा सरळ वाटेनेच जातो. आडवाटा हव्या असतील तर स्टेट (अवस्था) आणि इव्हेंट (घटना) यांचा तक्ता मांडा. बाणांची आकृती नको, तक्ताच. न काढलेला बाण दिसत नाही, रिकामं घर दिसतं.

आपल्या उदाहरणात ऑर्डरच्या अवस्था ७ धरू: नवी, पैसे भरलेली, पॅक झालेली, रवाना, पोचलेली, परत येत असलेली, बंद. घटना ८: पेमेंट यशस्वी, पेमेंट फसलं, ग्राहकाने रद्द केली, पॅक झाली, गोदामातून निघाली, ग्राहकाला पोचली, परतीची विनंती, परत माल मिळाला. ओळीत अवस्था, स्तंभात घटना, म्हणजे ५६ घरं. ग्राहकाकडून सरळ वाट ऐकून घेतली की ८ घरं भरतात: पैसे आले, पॅक, निघाली, पोचली, परतीची विनंती, माल मिळाला, आणि नव्या ऑर्डरवरची दोन, पेमेंट फसलं आणि रद्द केली. उरलेली ४८ ही तुमच्या पुढच्या बैठकीची विषयपत्रिका.

प्रत्येक घरात चारांपैकी एकच गोष्ट लिहायची. पुढच्या अवस्थेचं नाव, किंवा "दुर्लक्ष", किंवा "अशक्य", किंवा प्रश्नचिन्ह. दुर्लक्ष आणि अशक्य यांत घोळ घालू नका. दुर्लक्ष म्हणजे असं होऊ शकतं, झालं तर नोंद करा आणि पुढे चला. अशक्य म्हणजे असं झालं तर कुठेतरी बिघाड आहे, माणसाला उठवा. डेव्हलपरच्या दृष्टीने हे दोन वेगळे कोड आहेत आणि टेस्टरच्या दृष्टीने दोन वेगळ्या केस.

चार घरं जवळून बघू.

"बंद" ऑर्डरवर "पेमेंट यशस्वी". ग्राहकाने १०:०२ ला रद्द केली, बँकेचा होकार १०:०३ ला आला. पैसे आपल्याकडे आहेत, ऑर्डर नाही. परतावा आपोआप सुटणार की कुणी मंजूर करणार? ग्राहकाला कोणता निरोप जाणार? हे घर प्रत्येक पेमेंटवाल्या सिस्टिममध्ये असतं आणि लेखी डॉक्युमेंटमध्ये क्वचित सापडतं.

"रवाना" ऑर्डरवर "ग्राहकाने रद्द केली". माल वाटेतून वळवायचा, की पोचू देऊन परती धरायची? दुसरा पर्याय घेतला तर वाहतुकीचा खर्च कुणाचा, हा धंद्याचा निर्णय आहे. तो डेव्हलपरने रात्री कोड लिहिताना घेऊ नये.

"पॅक झालेली" ऑर्डरवर "ग्राहकाला पोचली". निघाल्याचा निरोप हरवला किंवा उशिरा येतोय, पोचल्याचा आधी आला. इथे "अशक्य" लिहायचा मोह होतो. पण दोन सिस्टिममध्ये निरोपांचा क्रम उलटा होणं ही नेहमीची बाब आहे. घरात "पोचलेली" लिहा, आणि मग "पोचलेली" ऑर्डरवर उशिरा येणारं "गोदामातून निघाली" हे घर "दुर्लक्ष" करा. एक घर भरलं की दुसरं आपोआप ठरतं, ही या तक्त्याची गंमत.

"पोचलेली" ऑर्डरवर पुन्हा "पोचली". तोच निरोप दोनदा येणं. दुर्लक्ष, पण परतीच्या मुदतीची तारीख पहिल्या निरोपावरून धरायची की दुसऱ्या, ते लिहून ठेवा.

टाचण:

मास्तर, एक शंका. तुमच्या "बंद" अवस्थेत रद्द झालेली आणि परत येऊन संपलेली अशा दोन्ही ऑर्डर आहेत. रिपोर्टमध्ये या वेगळ्या लागतील. अवस्था फोडली आणि पुन्हा मागवायची घटना आली तर ८ गुणिले ९, म्हणजे ७२ घरं. हे कुठे थांबायचं?

स्टेटमास्तर:

रास्त शंका. कसोटी अशी: दोन अवस्थांच्या ओळी तंतोतंत सारख्या असतील, म्हणजे प्रत्येक घटनेला दोघी सारखंच उत्तर देत असतील, तर ती अवस्था एकच आहे आणि फरक फक्त "बंद होण्याचं कारण" या फील्डमध्ये ठेवा. एकाही घरात फरक असेल तर फोडा. इथे रद्द ऑर्डरवर उशिरा पेमेंट येऊ शकतं, परत आलेल्यावर ते आलं तर बिघाड. म्हणजे फोडायला हवी. तुमचं बरोबर.

दुसरा आणि मोठा उपाय म्हणजे अक्ष वेगळे करणं. पैशांची अवस्था वेगळी (बाकी, मिळाले, परत होताहेत, परत झाले) आणि मालाची वेगळी (न निघालेला, रवाना, पोचलेला, परत येतोय, परत मिळाला). ४ आणि ५. दोन्ही एकाच यादीत कोंबले तर २० जोड्या होतात आणि "पैसे मिळाले पण माल परत येतोय" अशी लांबलचक नावं सुरू होतात. अवस्थेच्या नावात "पण" किंवा "आणि" आलं की समजा दोन अक्ष मिसळलेत. डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये स्टेटचार्ट मांडले ते नेमके या गुणाकारावर उतारा म्हणून, समांतर अवस्था ही कल्पना तिथली. यूएमएलने, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आकृत्यांच्या प्रमाण भाषेने, ती तिथूनच उचलली.

पाटीपेन्सिल:

"अवस्थेच्या नावात 'पण' आलं की दोन अक्ष मिसळलेत" हे भिंतीवर लावण्यासारखं आहे.

गणिती:

डिसिजन टेबलवर लिहितो. हो-नाही अशा ५ अटी म्हणजे ३२ नियम. ३२ स्तंभ कुणी भरत नाही, म्हणून जिथे अटीने फरक पडत नाही तिथे आडवी रेघ टाकतात. एक रेघ असलेला नियम हो-नाही उत्तरांच्या २ जोड्या झाकतो, दोन रेघांचा ४, तीन रेघांचा ८. सगळ्यांची बेरीज ३२ यायलाच हवी.

परताव्याच्या अटी धरू: मुदतीत आहे का, मालात दोष आहे का, सेलमधला आहे का, वेष्टन उघडलंय का, पैसे ऑनलाइन भरले का.

नियम १: मुदतीत, दोष आहे, बाकी तीन रेघा. पूर्ण परतावा. झाकल्या ८.
नियम २: मुदत संपली, दोष नाही. नकार. ८.
नियम ३: मुदत संपली, दोष आहे. वॉरंटीकडे वळवा. ८.
नियम ४: मुदतीत, दोष नाही, सेलमधला. नकार. ४.
नियम ५: मुदतीत, दोष नाही, सेलमधला नाही, वेष्टन बंद. पूर्ण परतावा. २.
नियम ६: तसंच, पण वेष्टन उघडलेलं. कपात करून परतावा. २.

८+८+८+४+२+२ = ३२. जमलं.

आता पाचव्या अटीकडे बघा. "ऑनलाइन भरले का" यात सहाच्या सहा नियमांत रेघ आहे. म्हणजे परतावा द्यायचा की नाही या निर्णयाशी तिचा संबंधच नाही, ती पैसे कोणत्या मार्गाने द्यायचे याची अट आहे. ती काढा, वेगळ्या छोट्या टेबलात टाका. उरल्या ४ अटी, १६ जोड्या, आणि बेरीज ४+४+४+२+१+१. वाक्यांत लिहिलेल्या नियमांत हे दोन निर्णय नेहमी एकमेकांत गुंतलेले असतात आणि कोडमध्येही तसेच गुंतून जातात.

सावधगिरी: बेरीज जुळली म्हणजे सगळं आलबेल असं नाही. एक जोडी सुटली आणि दुसरी दोनदा झाकली गेली तरी ३२ येतात. म्हणून नियम दोन-दोन घेऊन तपासा. दोन नियमांत किमान एका अटीवर एकाचं "हो" आणि दुसऱ्याचं "नाही" असलं पाहिजे, नाहीतर ते एकमेकांवर चढतात. मुद्दाम चढू द्यायचे असतील तर "वरून पहिला लागू" असं टेबलाच्या डोक्यावर लिहा. ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डीएमएन या निर्णय मांडायच्या पद्धतीत, म्हणजे २०१५ पासून, यासाठी हिट पॉलिसी अशी स्वतंत्र जागाच आहे.

आणि आकड्यांच्या अटीत सीमेवरचा आकडा कुणाच्या बाजूला ते लिहायलाच हवं. ७ दिवसांची मुदत, ठीक. सातवा दिवस धरून का? दिवस म्हणजे २४ तास की तारीख बदलणं? घड्याळ ग्राहकाकडचं की सर्व्हरचं?

उंटावरचा:

सगळं छान आहे हो, पण ॲजाइलमध्ये, म्हणजे छोट्या छोट्या फेऱ्यांत काम करताना, हे कोण करणार? दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे एक फेरी. स्टोरी (वापरकर्त्याची एक छोटी गरज) लिहिली, ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया (ती पूर्ण झाली हे ठरवायच्या कसोट्या) लिहिले, पुरे. हे तक्ते मांडेपर्यंत तिकडे फीचर बनून गेलेलं असतं.

गणिती:

ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया कुठून येतात? कुणाच्या तरी डोक्यातून. वरच्या सहा नियमांतून सहा क्रायटेरिया सरळ उतरतात आणि सातवा नाही याची खात्री असते. कागदावर वीस मिनिटांचं काम आहे.

स्टेटमास्तर:

सगळी मॉडेलं सगळ्या स्टोरींना लावायची असं कुणीच म्हणत नाहीये. स्टेट तक्ता पूर्ण प्रॉडक्टमध्ये तीन-चार वस्तूंनाच लागतो: ऑर्डर, पेमेंट, तक्रार, फार तर वापरकर्त्याचं खातं. पत्ता किंवा उत्पादनाचा फोटो यांना तक्ता मांडत बसाल तर वेळ वायाच जाईल. पण ऑर्डरला न मांडता पहिला स्प्रिंट सुरू केलात तर पुढच्या प्रत्येक स्प्रिंटमध्ये एकेक घर बग म्हणून सापडत राहील.

उंटावरचा:

ठीक, ऑर्डरपुरतं मान्य. तरी फळ्यावर काढा, फोटो काढा, पुसून टाका, असंच माझं मत. डॉक्युमेंट सांभाळत बसणं नको.

लेनबदलू:

फ्लोबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी. बीपीएमएन २.० ही प्रोसेस फ्लो काढायची चिन्हपद्धती ओएमजीने २०११ मध्ये आणली, २०१३ मध्ये ती आयएसओ/आयईसी १९५१० हे आंतरराष्ट्रीय मानक झाली. चिन्हं ढीगभर आहेत. क्लायंटसमोर पाचच वापरा: सुरुवात, शेवट, काम, निर्णयाचा हिरा, आणि समांतर कामांचा अधिकचिन्हवाला हिरा. बाकीची चिन्हं शिकवण्यात बैठक जाते.

सगळ्यांत महाग चूक हिऱ्यांची जोडी चुकण्याची. निर्णयाच्या हिऱ्यातून दोन वाटा फुटल्या, म्हणजे एकच वाट चालू होते. पुढे त्या समांतरच्या हिऱ्याने जोडल्या तर तो दोन्ही वाटांची वाट बघतो. दुसरी कधीच येत नाही. प्रोसेस तिथे कायमची अडकते. उलट, समांतर फोडून साध्या हिऱ्याने जोडलं तर पुढचं काम दोनदा होतं. परताव्याच्या फ्लोमध्ये ते पुढचं काम "पैसे पाठवा" असेल तर कल्पना करा. नियम सोपा: ज्या हिऱ्याने फोडलं त्याच जातीच्या हिऱ्याने जोडा.

लेनला माणसाचं नाव देऊ नका, भूमिकेचं द्या. "सिस्टिम" नावाची लेन फुगायला लागली की सावध व्हा. त्यातल्या प्रत्येक कामामागे एखादा नियम लपलेला असतो, तो गणितींच्या टेबलात जायला हवा. फ्लोमध्ये लागोपाठ तीन हिरे आले तर तेही डिसिजन टेबलच आहे, हिरे काढून टाका आणि एक काम ठेवा: "परताव्याची पात्रता ठरवा".

वरच्या पातळीवर ७ ते १० कामं. जास्त झाली तर काही एकत्र करून खालच्या पातळीवर वेगळी आकृती. कामाचं नाव "वस्तू आणि क्रियापद" असं: "माल तपासा". "तपासणी प्रक्रिया" नको, त्यातून कोण काय करतो ते कळत नाही. आणि दोन वेगळ्या संस्था असतील तर वेगळे पूल (इंग्रजी pool, एका संस्थेच्या सगळ्या लेनची मोठी चौकट). कामांचा सलग बाण पुलाबाहेर जाऊ शकत नाही, तिथे तुटक रेषेचा निरोपच. ही नुसती व्याकरणाची बाब नाही. सलग बाण म्हणजे पलीकडचं काम आपल्या ताब्यात आहे असं म्हणणं, आणि कुरिअर काही आपल्या ताब्यात नसतो.

तळटीप:

यूएमएल यूज केस डायग्रामला (यूज केस म्हणजे वापरकर्ता सिस्टिमकडून एखादं काम कसं करून घेतो त्याचं वर्णन) कुणी हात लावला नाही हे बघून बरं वाटलं. वापरकर्ता म्हणून काडीमाणूस आणि यूज केस म्हणून अंडी. यूएमएलमध्ये चौदा प्रकारच्या आकृत्या आहेत, रिक्वायरमेंटला त्यातल्या तीन-चारच लागतात: क्लास, स्टेट, ॲक्टिव्हिटी, फार तर सिक्वेन्स. यूज केसचं खरं मोल त्याच्या लेखी मजकुरात, विशेषतः पर्यायी वाटांत. आकृती फार तर अनुक्रमणिका. तरी काढायचीच असेल तर बाणांची दिशा नीट ठेवा. इन्क्लूडचा बाण मूळ केसकडून समाविष्ट केसकडे, एक्स्टेंडचा मात्र वाढीव केसकडून मूळ केसकडे. हे उलटं काढलेलं इतक्या ठिकाणी दिसतं की वाचणाऱ्यानेही विश्वास ठेवू नये.

पाटीपेन्सिल:

अंडी, हाहा.

बैठकीबद्दल थोडं. कोऱ्या फळ्यासमोर लोकांना "तुमची प्रक्रिया सांगा" म्हटलं की ते नियमपुस्तकातली प्रक्रिया सांगतात. त्याऐवजी अर्धवट मसुदा घेऊन जा. चुकीचं दिसलं की माणूस दुरुस्त करतो, रिकामं दिसलं की गप्प बसतो. मसुदा फार देखणा असू नये, हाताने काढल्यासारखा असला की लोक खोडायला कचरत नाहीत. दीड तास, सहा ते आठ माणसं, चालवणारा एक आणि लिहून घेणारा वेगळा. एकाच माणसाने दोन्ही केलं तर आकृती नीट होते आणि प्रश्नांची यादी राहते. प्रश्नाला नंबर, कुणाकडे आहे ते नाव आणि तारीख.

मोठा आणि नवा विषय असेल तर इव्हेंट स्टॉर्मिंग बघा, अल्बेर्तो ब्रांदोलिनी यांची पद्धत. लांब भिंत, नारिंगी चिठ्ठ्या, प्रत्येकीवर घडून गेलेली घटना भूतकाळात: "ऑर्डर दिली गेली", "पैसे परत झाले". क्रम नंतर लावायचा. जिथे वाद होतो तिथे लगेच गुलाबी चिठ्ठी. पुढे स्टेटमास्तरांच्या तक्त्यातले स्तंभ याच नारिंगी चिठ्ठ्यांतून मिळतात, म्हणून मला ही जोडी आवडते.

दुवा:

आता उंटावरच्यांनी काढलेला मुद्दा, सांभाळायचं कसं. फोटो काढून पुसणं हे पहिल्या महिन्यापुरतं ठीक. चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाची मागणी, आली की फोटोत शोधता येत नाही.

पहिली गोष्ट, प्रत्येक चौकटीला, नियमाला, बाणाला ओळखक्रमांक. तो क्रमवार असू नये. "पायरी ३" आणि "पायरी ४" यांच्या मधे एक नवीन आली की चारची पाच होते आणि तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या टेस्ट केस एका रात्रीत चुकीच्या ठरतात. क्रमांक एकदा दिला की कायमचा. चौकट काढली तर क्रमांकही निवृत्त, दुसऱ्याला द्यायचा नाही.

दुसरी, दोन्ही दिशांनी तपासणी. प्रत्येक लेखी रिक्वायरमेंट कोणत्या चौकटीला जोडलेली आहे? प्रत्येक चौकटीला किमान एक रिक्वायरमेंट आहे का? जिला चौकट नाही ती बहुधा कुणीतरी घुसवलेली. जिला रिक्वायरमेंट नाही ती चौकट बनवायचं कुणाच्याच लक्षात येणार नाही. स्प्रेडशीटमध्ये दोन स्तंभ पुरतात, यासाठी महागडं टूल लागत नाही.

तिसरी, डेटा आणि फ्लो यांची उभी-आडवी जोड. ओळीत डेटा मॉडेलमधल्या वस्तू, स्तंभात फ्लोमधली कामं, घरात तयार, वाचन, बदल, काढणे यांपैकी जे असेल ते. एखाद्या ओळीत "तयार" कुठेच नसेल तर ती वस्तू सिस्टिममध्ये येते कुठून? बाहेरून येत असेल तर चौकटराजांच्या आकृतीत बाण हवा. "काढणे" कुठेच नसेल तर डेटा किती काळ ठेवायचा हा प्रश्न उघडा आहे. "वाचन" कुठेच नसेल तर तो डेटा गोळा कशाला करतोय?

टूलचं म्हणाल तर दोन जाती. प्लँटयूएमएल, मर्मेड अशी मजकुरातून आकृती बनवणारी: फाईल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं टूल), काय बदललं ते ओळीओळीने दिसतं, रिव्ह्यू होतो. तोटा, मांडणी आपल्या हातात नसते आणि पंचवीस-तीस चौकटींनंतर रेषांचा गुंता होतो. ड्रॉ.आयओसारखी हाताने काढायची टूलं: मांडणी हवी तशी, पण फाईल एक्सएमएल असल्याने एक चौकट जराशी सरकवली तरी बदल दिसतो आणि खरा बदल त्यात हरवतो. माझा कल असा की स्टेट आणि सिक्वेन्स मजकुरातून, कॉन्टेक्स्ट आणि प्रोसेस हाताने, आणि तक्ते स्प्रेडशीटमध्ये. तक्त्यांची आकृती काढूच नका.

एका बदलाचा माग काढून दाखवतो. मागणी आली: माल दोन खेपांत पाठवता आला पाहिजे. "अंशतः रवाना" अशी अवस्था आली. मास्तरांच्या मूळ तक्त्यात ८ नवी घरं. शिवाय "गोदामातून निघाली" ही घटना आता "पहिली खेप" आणि "शेवटची खेप" अशी फुटते, म्हणजे आणखी एक स्तंभ, आठ ओळींचा. ५६ ची ७२ घरं झाली. डेटा मॉडेलमध्ये ऑर्डर आणि पाठवणी यांचं एकास एक नातं एकास अनेक झालं. परताव्याच्या टेबलात "मुदतीत आहे का" ही अट कोणत्या खेपेपासून मोजायची? कुरिअरच्या बाणावर एका ऑर्डरमागे एक निरोप होता, आता अनेक. मागणी एका वाक्याची, परिणाम चार मॉडेलांत. हे क्लायंटला तारखेआधी दाखवता आलं तर एस्टिमेटवर घासाघीस जरा कमी होते.

टाचण:

वेग, सुरक्षितता, उपलब्धता हे सगळं या आकृत्यांत कुठे बसतं?

चौकटराजा:

बरंचसं लटकवता येतं. बाणावर संख्या: तासाला किती निरोप, सगळ्यांत गर्दीच्या तासात किती. फ्लोमधल्या कामावर प्रतिसादाचा वेळ. डेटा मॉडेलमधल्या वस्तूवर किती काळ ठेवायची आणि कुणी बघायची. "सिस्टिम वेगवान हवी" या वाक्यापेक्षा "पात्रता ठरवा" या चौकटीवर "२ सेकंदांत, १०० पैकी ९५ वेळा" असं लिहिलेलं टेस्टरला उपयोगी पडतं. ॲक्सेसिबिलिटी (दिव्यांगांनाही वापरता येणं), भाषा, बॅकअप अशा काही गोष्टी मात्र कुठेच लटकत नाहीत. त्यांची साधी यादी करा.

लेनबदलू:

हल्ली एआयला वर्णन देऊन आकृती काढून घेतात. वेळ वाचतो, नाकारत नाही. पण ती आकृती पूर्ण दिसते. जिथे आपल्याला माहिती नव्हती तिथे त्याने शक्य वाटेल असं काहीतरी भरलेलं असतं. म्हणजे मास्तरांचं प्रश्नचिन्हाचं घरच गायब. काढून घ्यायचीच तर प्रत्येक घरासमोर ते वर्णनातल्या कोणत्या वाक्यावरून आलं ते मागा. वाक्य दाखवता आलं नाही तिथे प्रश्नचिन्ह परत टाका. दाखवलेलं वाक्यही मूळ मजकुरात खरंच आहे का ते बघा.

उंटावरचा:

शेवटची एक खोच. आकृती एक म्हणते आणि लेखी वाक्य दुसरं, आणि दोन्हीवर सही आहे. खरं कुणाचं?

दुवा:

हे डॉक्युमेंटच्या पहिल्या पानावर आधीच ठरवून टाकायचं, विषयवार. अवस्था आणि निर्णय यांबाबत तक्ता खरा, वाक्य केवळ स्पष्टीकरण. मर्यादा, मुदती, कायदेशीर बाबी यांचे आकडे एकाच ठिकाणी लेखी, आणि तक्त्यात त्यांचा फक्त ओळखक्रमांक. सात दिवस हा आकडा तीन ठिकाणी लिहिला असेल तर कधीतरी दोनच ठिकाणी बदलला जाणार. सही घेताना लोकांना आकृती बघायला देऊ नका, एक प्रसंग द्या आणि तक्त्यावर बोट ठेवून चालवायला सांगा: ऑर्डर दिली, पैसे अडकले, रद्द केली, पैसे आले. बोट जिथे थांबेल तिथे सही नाही.

उंटावरचा:

बरं. ऑर्डरचा तक्ता या आठवड्यात मांडतो. फळ्यावरच.